सरकत्या दाराची तपासणी: रत्नागिरीच्या सड्यावरचं एक प्रकरण

पावसाळा सरल्यावर रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, एका खाजगी हेलिपॅडवर एक हलकं हेलिकॉप्टर मुक्कामाला आलं. काम किनाऱ्याच्या हवाई छायाचित्रणाचं. दाभोळच्या खाडीपासून जयगड, गणपतीपुळे, पूर्णगड, जैतापूर करत विजयदुर्गापर्यंतचा किनारा ओहोटीच्या वेळी टिपायचा होता, कारण पुळण, कातळ आणि खाड्यांची तोंडं तेव्हाच पुरती उघडी पडतात. हेलिकॉप्टर युरोपीय बनावटीचं, एका इंजिनाचं, तीन पात्यांच्या रोटरचं. मागच्या केबिनला दोन्ही अंगांना सरकती दारं होती. छायाचित्रकार डाव्या दाराशी बसायचा आणि हवेत असताना ते दार मागे सरकवून काम करायचा.

त्या सुमारास या मॉडेलच्या सरकत्या दारांबाबत एक एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे उड्डाणयोग्यतेबाबतची सक्तीची सूचना, लागू झाली होती. हँगरमध्ये तिला सगळे 'एडी' म्हणतात. तिचा क्रमांक, मॉडेल आणि कंपनी इथे देत नाही, कारण या प्रकरणातली माणसं आजही याच धंद्यात आहेत. मी तेव्हा कंपनीच्या गुणवत्ता विभागात होतो. सड्यावरून आलेले फोन मीच घेतले, आणि पुढे कागदपत्रांची फाइलही माझ्याचकडे आली. हे प्रकरण मांडतोय ते एका गोष्टीसाठी. एडीची मुदत उड्डाणतासांत मोजली जाते, पण कोकणात सरकतं दार झिजतं ते बरंचसं जमिनीवर. ही तफावत ज्यांना माहीत असते ते मुदतीच्या आत थांबतात. ज्यांना माहीत नसते ते मुदतीवर विसंबतात, आणि नियमाने त्यांची काहीच चूक नसते.

एडी आणि तिची सक्ती

विमान किंवा हेलिकॉप्टर बनवणारी कंपनी दोष लक्षात आल्यावर सर्व्हिस बुलेटिन काढते. तिची अंमलबजावणी नेहमीच कायद्याने बंधनकारक असते असं नाही. पण ज्या देशात त्या यंत्राची रचना झाली तिथल्या नियामकाने तोच विषय एडी म्हणून काढला की सक्ती सुरू होते. युरोपीय हेलिकॉप्टरांसाठी हे काम ईएएसए, म्हणजे युरोपची हवाई सुरक्षा संस्था, करते. भारतात नोंदलेल्या हेलिकॉप्टरला ती एडी लागू होते, आणि ती पाळली जाते की नाही यावर डीजीसीएची, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, नजर असते. एडी मुदतीत पाळली गेली नाही तर हेलिकॉप्टर उडण्यायोग्य राहत नाही, मग इंजिन कितीही छान चालत असो.

एका दारासाठी एवढा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्या नव्या मुलांना मी डीसी-१० विमानाचं उदाहरण देतो. १२ जून १९७२ रोजी कॅनडातल्या विंडसर शहरावर एका डीसी-१० विमानाचं मालकक्षाचं दार हवेत उघडून निघून गेलं. वैमानिकांनी विमान कसंबसं उतरवलं आणि सगळे वाचले. त्यावर उपाय सुचवणारी बुलेटिन निघाली, एडी मात्र निघाली नाही. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ दुसऱ्या डीसी-१० विमानाचं तेच दार गेलं आणि ३४६ माणसं मेली. त्या विमानाच्या नोंदींमध्ये दुरुस्तीचं काम झाल्याचं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात कुलपाला आधार देणारी पट्टी बसवलेलीच नव्हती. सक्ती नसलेला उपाय काय करतो आणि खोटी नोंद काय करते, हे दोन्ही त्या एका अपघातात आहे.

हेलिकॉप्टरच्या केबिनमध्ये विमानासारखा हवेचा दाब नसतो, त्यामुळे दार फुटून उडण्याचा तो प्रकार इथे घडत नाही. धोका निराळा आहे. वेगात असताना केबिनच्या फुगीर अंगावरून वाहणारी हवा बंद दाराला बाहेर ओढते. दार उघडं असेल तर तीच हवा आणि वरून येणारा रोटरचा झोत त्याला हलवत राहतात. दार रेलवरून सुटलं तर ते मागेच जाणार, आणि मागे शेपटीचा रोटर असतो. तो गेला तर वैमानिकाच्या हातात फार थोडे पर्याय उरतात. खाली वाडी, बाजार किंवा बंदर असेल तर तिथली माणसं वेगळीच.

आमच्या एडीचा रोख मधल्या रेलच्या मागच्या आधारावर होता. हा ब्रॅकेट फ्युजलाजला, म्हणजे हेलिकॉप्टरच्या धडाला, रिव्हेट केलेला असतो आणि दाराच्या रोलरचा भार शेवटी त्याच्यावर येतो. ब्रॅकेटला तडा आहे का, रोलर झिजलाय का, फास्टनर ढिले झालेत का, हे दोन्ही बाजूंना पाहायचं होतं. तडा सापडला तर पुढच्या उड्डाणाआधी नव्या पार्ट नंबरचा ब्रॅकेट बसवायचा. नाही सापडला तर ठरावीक उड्डाणतासांनी तीच तपासणी पुन्हा, नवा ब्रॅकेट बसेपर्यंत.

पहिल्या तपासणीची मुदतही उड्डाणतासांतच होती आणि ती बरीच बाकी होती. कॅमोने, म्हणजे हेलिकॉप्टरच्या उड्डाणयोग्यतेचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या विभागाने, रीतसर आखणी केली होती: छायाचित्रणाचं काम संपवून हेलिकॉप्टर मुंबईत जुहूला परत येईल आणि एडी तिथल्या हँगरमध्ये होईल. या आखणीत नियमाला धरून नसलेलं काहीच नव्हतं.

तासांच्या मीटरला न दिसणारी झीज

सड्यावर येण्याआधी हे हेलिकॉप्टर निवडणूक प्रचारात होतं. प्रचारातली उड्डाणं आखूड असतात. दहा-पंधरा मिनिटं हवेत, मग मैदान, सभा, पुन्हा हवेत. प्रत्येक मैदानावर दार उघडणारी माणसं नवी. कधी अंगरक्षक, कधी कार्यकर्ता, कधी हार घेऊन धावत आलेला कोणी हौशी. ओम्नीचं दार ओढून आपटावं तसं ते दार आपटलं जातं. दिवसाअखेर तासांच्या मीटरवर थोडेच तास चढलेले असतात, पण रेल, रोलर आणि ब्रॅकेट यांनी तेवढ्यात एका शांत महिन्याचे धक्के खाल्लेले असतात. तासांत लिहिलेल्या मुदतीला हे धक्के मोजताच येत नाहीत.

मग आला सड्यावरचा मुक्काम. इथे मला थोडं थांबायचंय, कारण कोकणातल्या तळावर हेलिकॉप्टर नुसतं उभं असतं तेव्हा त्याला काय होत असतं हे मुंबईच्या हँगरमध्ये बसून उमगत नाही. दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि मिठाचे बारीक कण पत्र्यावर, सीलच्या मागे, रेलच्या खाचेत जाऊन बसतात. रात्री मतलई वारा सुटतो, आभाळ मोकळं असतं आणि दव पडतं. हवेत सुमारे ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं, आणि किनाऱ्यावर पावसाळ्यानंतरच्या रात्री ही पातळी सहज गाठली जाते. म्हणजे रेलच्या खाचेत रोज रात्री खाऱ्या पाण्याचा थर तयार होतो. रेल ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, रोलरचा आस आणि काही फास्टनर पोलादाचे. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की त्यातलं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. रंगाखाली बारीक खड्डे पडतात, आणि प्रत्येक खड्डा पुढच्या तड्याला जागा करून देतो.

त्यात जांभ्याची धूळ. पाऊस थांबून सडा वाळला की हेलिकॉप्टर उतरताना ही तांबडी धूळ उडते आणि ती जिथे शिरू नये तिथे शिरते. तिच्यात लोहाचे ऑक्साइड असतात आणि ती चांगलीच खरखरीत असते.

तिसरी गोष्ट कंपनाची. या वर्गातल्या हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर मिनिटाला सुमारे ३९० फेरे घेतो. पाती तीन, म्हणजे मिनिटाला १,१७० ठोके, तासाला सत्तर हजारांच्या वर. दार बंद आणि घट्ट असेल तर हे ठोके सगळ्या सांगाड्यात वाटले जातात. रोलरमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल आणि दार अर्धं उघडं ठेवून उडत असाल, तर त्यातला मोठा वाटा एकट्या मागच्या ब्रॅकेटला सोसावा लागतो. आमचं छायाचित्रण नेमकं तसंच चाललं होतं.

ग्रीस

कॅप्टननी स्नॅग बुकात, म्हणजे दोषांच्या नोंदवहीत, लिहिलं: डावं दार बंद होताना शेवटच्या वीतभर अंतरात अडतं. हेलिकॉप्टर उडण्यायोग्य असताना अशी नोंद करायला बरेच वैमानिक कंटाळतात, कारण नोंद केली की तिचं उत्तर द्यावं लागतं. यांनी केली. या प्रकरणात पुढे जे काही बरं घडलं त्याची सुरुवात त्या एका ओळीने झाली.

साइटवरच्या एएमईने, म्हणजे परवानाधारक देखभाल इंजिनिअरने, रेल पाहिली. खाचेत तांबूस, घट्ट असा लगदा साचला होता. त्याने हेलिपॅडवर मदतीला ठेवलेल्या स्थानिक मुलाला बोलावलं.

"हे कोणी लावलं रे?"

"मीच लावलं साहेब. दार कुरकुरत होतं. त्या पाहुण्यांनी काल दोनदा आपटलंनी, तरी लागेना. म्हटलं जरा ग्रीस दिलं तर सरकेल."

मुलाने मनापासून केलं होतं, आणि दार खरंच दोन दिवस हलकं सरकलं होतं. पण ग्रीसमध्ये जांभ्याची धूळ मिसळली की ती घासायची पेस्ट होते. रोलर पुढेमागे झाला की ती रेलला आणि रोलरला दोघांनाही खरवडते. शिवाय त्या लगद्याखाली ब्रॅकेटची कड पूर्ण झाकली गेली होती. म्हणजे जी जागा रोजच्या पाहणीत नजरेला पडायला हवी होती, तीच दिसेनाशी झाली होती. एएमई मुलावर ओरडला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. ओरडला असता तर पुढच्या वेळी मुलाने "मीच लावलं" म्हटलं नसतं. दाराला कोणी हात लावायचा आणि कशाला लावायचा नाही हे त्याला सांगायची जबाबदारी कंपनीची होती, आणि ते त्याला कोणीच सांगितलं नव्हतं.

लगदा पुसल्यावर एएमईने दार अर्धं उघडून हाताने वर-खाली हलवलं. मागचा रोलर जाणवण्याइतका हलत होता. त्याने मला फोन केला आणि एकच प्रश्न विचारला: एडी इथेच केली तर चालेल का?

मुदत बाकी असताना असा प्रश्न विचारायला धाडस लागतं. तपासणी केली की काहीतरी सापडू शकतं, आणि सापडलं की हेलिकॉप्टर तिथेच उभं राहतं, हँगरपासून दूर, उघड्यावर. काम थांबतं, ग्राहक चिडतो, कार्यालयातून फोन येतात. न तपासता काम संपवून जुहूला गेलं असतं तर कोणी बोट दाखवलं नसतं. या घटकेला मी काय उत्तर देतो यापेक्षा त्याला तो प्रश्न विचारता आला हे मला मोठं वाटतं.

सड्यावरची तपासणी

तळापासून दूर असं काम करायचं तर मान्यताप्राप्त देखभाल संस्थेच्या कार्यपद्धतीत त्याची तरतूद लागते. ती आमच्याकडे होती. नसलेल्या गोष्टी होत्या दोन: डाय पेनिट्रंटचं साहित्य आणि ते वापरायला पात्र माणूस. साहित्याचे डबे दाबाखालचे आणि ज्वालाग्राही, त्यामुळे ते मुंबईहून रस्त्यानेच आले. सोबत तपासनीसही आला.

डाय पेनिट्रंटचं तत्त्व सोपं आहे. साफ केलेल्या धातूवर लाल रंगाचा पातळ द्रव लावायचा, तो तड्यात झिरपू द्यायचा, वरचा पुसून घ्यायचा आणि पांढरी भुकटी फवारायची. तडा असेल तर त्यातला रंग भुकटीत वर येतो आणि लाल रेघ दिसते. हँगरमध्ये हे नेहमीचं काम आहे. सड्यावर मात्र ते अडचणीचं झालं. पृष्ठभाग कोरडा लागतो आणि सकाळी सगळीकडे दव होतं. नेहमीच्या पद्धतीला धातूचं तापमान साधारण १० ते ५२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान लागतं, आणि उन्हात ठेवलेला पत्रा कातळावर दुपारी त्याच्या पलीकडे जाऊ शकतो. द्रव आणि भुकटी या दोन्हींना किमान दहा-दहा मिनिटं द्यावी लागतात, आणि तेवढ्या वेळात वाऱ्याने धूळ येऊन बसू नये. मग त्यांनी हेलिकॉप्टरच्या डाव्या अंगाला ताडपत्रीचा मांडव घातला, आजूबाजूच्या जमिनीवर पाणी मारलं आणि दव वाळल्यानंतर, ऊन चढायच्या आत काम धरलं.

पहिल्या खेपेला भुकटीवर तांबूस डाग उमटला. घाई असलेल्या माणसाने त्याला तडा म्हटलं असतं, आणि दुसऱ्या घाईच्या माणसाने "धूळ आहे" म्हणून सोडून दिलं असतं. रंग लाल आणि जांभ्याची धूळही लाल, म्हणून दोन्ही शक्य होतं. तपासनीसाने सगळं पुसून, जागा सॉल्व्हंटने पुन्हा स्वच्छ करून, रंगाचा थर आणखी थोडा मागे काढून पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला डाग नव्हता. एक बारीक, टोकदार रेघ होती, मागच्या रिव्हेटच्या भोकातून निघून ब्रॅकेटच्या वळणाकडे जाणारी. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ती स्पष्ट दिसली. काही मिलिमीटरचीच होती, पण एडीमध्ये "एवढ्यापर्यंत चालेल" अशी सूट नव्हती. तडा म्हणजे तडा.

उजव्या बाजूला तडा नव्हता. सीलच्या मागे रेलवर गंजाचे बारीक खड्डे मात्र सापडले, मर्यादेतले. त्यांची जागा आणि खोली लिहून ठेवली.

रोलर काढला तेव्हा त्याचा एक भाग सपाट झालेला दिसला आणि बेअरिंग अडकत होतं. यावरून क्रम साधारण लागला. बेअरिंग धूळ आणि मिठाने जड झालं, रोलर फिरायच्या ऐवजी घासत गेला, सपाट झाला, प्ले आला, आणि मग उघड्या दाराचे हादरे ब्रॅकेटवर जाऊ लागले. तडा नेमका प्रचारात सुरू झाला की सड्यावर, हे सांगता येत नाही आणि दुरुस्तीसाठी त्याने फरकही पडत नाही.

"दार काढूनच टाका ना"

हेलिकॉप्टर ग्राउंड झाल्याचं कळवल्यावर ग्राहकाचे साइट मॅनेजर आले. त्यांची अडचण खरी होती. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी सगळ्यात खाली जाते. ते मोजके दिवस हुकले की पुढच्या उधाणापर्यंत पंधरवडा थांबायचं.

ते म्हणाले, "इंजिनिअर साहेब, आम्ही दार तसंही उघडंच ठेवतो. सुटायची भीती आहे ना? मग काढूनच टाका ना. नाही दार, नाही काळजी."

हा युक्तिवाद ऐकायला पटणारा आहे, आणि म्हणूनच त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. एएमईने ते दिलं. मी इथे ते थोडं भर घालून लिहितो.

तडा दाराला गेलेला नव्हता. तो फ्युजलाजवरच्या ब्रॅकेटला होता, आणि दार काढलं तरी रेलचं मागचं टोक त्याच ब्रॅकेटवर राहणार होतं. कंपन थांबणार नव्हतं. तडा पुढे गेला असता तर दाराऐवजी रेल लोंबली असती, शेपटीच्या रोटरपासून तेवढ्याच अंतरावर. दुसरं म्हणजे एडीतलं वाक्य सरळ होतं: पुढच्या उड्डाणाआधी ब्रॅकेट बदला. दार काढून उडायचं असेल तर वेगळा मार्ग नियामकाकडून आधी मंजूर करून घ्यावा लागतो. आपल्याला तर्क पटला म्हणून आपणच सूट घ्यायची नसते.

तिसरं कारण दाराविना उड्डाणाचंच. त्यासाठी फ्लाइट मॅन्युअलमध्ये स्वतंत्र पुरवणी असते. वेगाची मर्यादा कमी होते, केबिनमधली प्रत्येक सुटी वस्तू बांधावी लागते, वजनाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. आणि दाराशी बसलेल्या माणसाला बांधायचं कशाने, हा प्रश्न उरतोच. ११ मार्च २०१८ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरवर दारं उघडी ठेवून छायाचित्रणासाठी निघालेलं एक हेलिकॉप्टर पाण्यात उतरवावं लागलं. एका प्रवाशाच्या हार्नेसचा पट्टा इंधन बंद करणाऱ्या लिव्हरमध्ये अडकून इंजिन बंद पडलं होतं. हेलिकॉप्टर उलटं झालं. वैमानिक बाहेर पडला. पाचही प्रवासी, उघड्या दारातून खाली पडू नयेत म्हणूनच बांधलेल्या हार्नेसमध्ये अडकून बुडाले. त्यानंतर अमेरिकेच्या नियामकाने, झटकन सोडवता येत नाही अशा जादा पट्ट्यांनी प्रवाशांना बांधून दारं उघडी ठेवायला बंदी घातली. आमचा छायाचित्रकार दिवसभर समुद्रावरच उडणार होता.

मॅनेजरांनी ऐकून घेतलं. कॅप्टन तोवर गप्प होते. ते म्हणाले, "दार असो वा नसो, या ब्रॅकेटवर मी उडणार नाही." चर्चा तिथे संपली. वैमानिक आणि एएमई एका बाजूला उभे असले की वरून येणारे फोनही मऊ होतात, हे मी अनेकदा पाहिलंय. दोघांत फट पडली की मात्र त्याच फटीतून हेलिकॉप्टर हवेत जातं.

दुरुस्ती

मुंबईच्या एका पुरवठादाराकडे ब्रॅकेट तयार होता. कागद पाहिल्यावर कळलं की तो जुन्या पार्ट नंबरचा होता. "मापं तीच आहेत, बसेल," असं तो सांगत होता. बसलाही असता. पण एडीने काढून टाकायला सांगितलेला ब्रॅकेट हाच होता. नव्या पार्ट नंबरचा ब्रॅकेट, त्याच्या अस्सलपणाचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म १ सह, यायला वेळ लागला. उधाण त्यात गेलं.

काम करताना सगळ्यात जपावं लागलं ते जुने रिव्हेट ड्रिल करून काढताना, कारण भोक थोडं जरी मोठं किंवा तिरकं झालं तर प्रश्न ब्रॅकेटपुरता राहत नाही, फ्युजलाजच्या पत्र्याचा होतो. ब्रॅकेट निघाल्यावर त्याच्या मागच्या पत्र्यावर पांढरी भुकटी दिसली, ॲल्युमिनियमच्या गंजाची. ती मॅन्युअलमधल्या मर्यादेत घासून काढली, प्रायमर दिला आणि नवा ब्रॅकेट ओल्या सीलंटवर बसवला, म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये खाऱ्या पाण्याला शिरायला फट उरू नये. रोलर आणि बेअरिंग नवीन. सीलंट पुरतं सुकेपर्यंत दाराला कोणी हात लावला नाही.

मग दाराची जुळणी. चारी बाजूंची फट सारखी आहे का, लॅच पूर्ण बसतो का, दार नीट बंद नसेल तर कॉकपिटमधला इशारा देणारा दिवा लागतो का, दार सरकवायला लागणारा जोर ताणकाट्यावर मर्यादेत येतो का. आणीबाणीत दार सोडण्याची यंत्रणा मोकळी आहे का हेही पाहिलं, कारण दार घट्ट बसवण्याच्या नादात बाहेर पडायची वाट अडवून ठेवणं हा तितकाच गंभीर दोष आहे. मुंबईहून आलेल्या दुसऱ्या एएमईने सगळं स्वतंत्रपणे पुन्हा तपासलं, पहिल्याचे आकडे न पाहता. त्यानंतर कॅप्टननी आधी दार बंद ठेवून आणि मग मर्यादेतल्या वेगात उघडून, सड्याच्या आसपासच उड्डाण केलं. उतरल्यावर ब्रॅकेट पुन्हा भिंगाखाली पाहिला आणि मगच रिलीजवर, म्हणजे हेलिकॉप्टर पुन्हा उडण्यायोग्य असल्याच्या दाखल्यावर, सही झाली.

लॉगबुकातल्या नोंदीबद्दल थोडं सांगायलाच हवं. "एडी तपासली, ठीक" एवढीच नोंद मी कितीतरी लॉगबुकांत वाचली आहे. ती वाचून पुढच्या इंजिनिअरला काहीच कळत नाही. या नोंदीत एडीचा क्रमांक आणि दिनांक, कोणत्या परिच्छेदानुसार काय केलं, त्या वेळचे उड्डाणतास, तड्याची जागा आणि लांबी, काढलेल्या आणि बसवलेल्या भागांचे नंबर, आणि उजव्या बाजूची पुढची तपासणी कधी, हे सगळं होतं. डाव्या बाजूला नव्या ब्रॅकेटमुळे वारंवार करायची तपासणी संपली. उजवीकडे जुना ब्रॅकेट होता, म्हणून तिथे ती चालू राहिली. एकाच हेलिकॉप्टरच्या दोन दारांना दोन वेगळे हिशेब लागू झाले, आणि नोंद ढोबळ असती तर उजव्या दाराची तपासणी पुढे हमखास गळली असती. दोष डीजीसीएला कळवला आणि काढलेल्या ब्रॅकेटच्या छायाचित्रांसह निर्मात्यालाही. अशा अहवालांमधूनच पुढच्या एडीची मुदत कमी-जास्त होते.

नंतर

कंपनीच्या कार्यपद्धतीत त्यानंतर काही बदल झाले. किनाऱ्यावर मुक्काम असेल तेव्हा एडीची मुदत उड्डाणतासांबरोबरच मुक्कामाच्या दिवसांवरही मोजायची, आणि जे आधी येईल ते धरायचं. प्रचारासारख्या आखूड उड्डाणांच्या कामात दार किती वेळा उघडलं याचा आकडा टेक्निकल लॉगमध्ये लिहायचा. कॅमोला आधी हे जास्तीचं कारकुनी काम वाटलं, आणि त्यावर आमचा वादही झाला. आकडे समोर आले तेव्हा एका हेलिकॉप्टरचं दार दुसऱ्याच्या कितीतरी पट वापरलं जातंय हे उघड दिसलं आणि वाद मिटला.

सड्यावर रोज शेवटच्या उड्डाणानंतर रेलची खाच गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची ठरली. मॅन्युअलमध्ये नाव दिलेल्या वंगणाशिवाय काहीही लावायचं नाही. दार उघडायला-लावायला प्रशिक्षण दिलेली दोनच माणसं, बाकी कोणीही हात लावायचा नाही, मग आत कोणीही बसलेला असो. ग्रीस लावणारा तो मुलगा त्या दोघांपैकी एक झाला. पुढच्या मुक्कामात उजव्या दाराचा कुरकुरीचा आवाज सगळ्यांत आधी त्यानेच सांगितला. बेअरिंग जड व्हायला लागलं होतं, ते झिजायच्या आत बदललं गेलं.

ग्राहकाचं काम पुढच्या उधाणाला पूर्ण झालं. उभ्या राहिलेल्या दिवसांचे पैसे कोणी द्यायचे यावर बरीच पत्रापत्री झाली, कारण करारात सक्तीच्या तपासणीचा उल्लेखच नव्हता. आता कंपनीच्या करारात एक कलम असतं: एडीमुळे हेलिकॉप्टर थांबलं तर त्या दिवसांचं भाडं लागणार नाही, आणि त्या दिवसांत उड्डाणाची मागणी ग्राहकाला करता येणार नाही. कलमाच्या दुसऱ्या भागासाठी आग्रह धरला तो आमच्या वकिलांनी नाही, ग्राहकाच्या त्याच साइट मॅनेजरांनी.